म्हशीचं पुस्तक, हत्तीची गोष्ट

मुलांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली, त्याच रविवारी मी एक वही सुरू केली. मुलाने पुस्तक परत आणलं की गोष्ट थोडक्यात सांगायची आणि मी ती दोन ओळींत लिहून घ्यायची. कोण, कुठे, काय झालं, शेवटी काय. मग पुढचं पुस्तक. नोकरीची सगळी वर्षं मी वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर हजिऱ्याच्या बाजारामागे असलेल्या या लहानशा मराठी वाचनालयात रविवारची सकाळ सांभाळायला आले, तेव्हा ती सवय सोबत आली. लाल पेनही आलं.

वहीला कारण होतं. ग्वाल्हेरची मराठी मुलं शाळेत हिंदी किंवा इंग्रजी वाचतात. हिंदीची आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे मराठी पुस्तकही ती भराभर वाचून दाखवतात, पण वाचलेलं कळलेलं असतंच असं नाही. पुण्याहून येणाऱ्या पुस्तकांत परसदार असतं, माजघर असतं, शेतावरची न्याहारी असते. मूल असा शब्द आला की त्यावरून उडी मारतं आणि पान संपवतं. गोष्ट सांगायला लावली की ते पकडलं जातं. त्या दिवसांत माझ्या मनात 'पकडलं जातं' असेच शब्द येत.

पालक आले की विचारत, "काहीतरी शिकायला मिळेल असं पुस्तक आहे का?" मुलं असं कधी विचारत नाहीत. त्यांना काय आवडतं ते मला चिकटपट्टीवरून कळे. शिकवणारी पुस्तकं कोरी करकरीत होती. ज्यांत कुणीतरी हरवतं, पळून जातं किंवा नको ते खातं, त्यांचे कणे पट्टी लावून लावून जाड झाले होते.

बिर्ला नगरहून एक मुलगी येई. तिसरीत होती. तिचे आजोबा तिला ई-रिक्षाने हजिरा चौराह्यापर्यंत आणत आणि तिथून दोघं रस्ता ओलांडून चालत येत. आजोबा मिलमध्ये कामाला होते. मिल बंद होऊन जमाना झाला, तरी सकाळी भोंग्याच्या वेळेला जाग येते, असं ते सांगत. वाचनालयात आल्यावर ते दाराजवळच्या बाकावर बसत, मुलगी माझ्या टेबलाशी येई. पुस्तक ती स्वतः वाचत नसे. आजोबा रोज संध्याकाळी वाचून दाखवत. त्यात मला काही गैर वाटलं नाही. ऐकणं हेही वाचणंच आहे, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

सुरुवातीला तिने सांगितलेल्या गोष्टी पुस्तकाबरहुकूम असत. दिवाळीनंतर त्यांत फरक पडू लागला. एका गोष्टीतली मावशी तिने वगळली. दुसरीत नदीच्या जागी रेल्वेलाईन आली. मी वहीत समासात प्रश्नचिन्हं काढत राहिले.

मग म्हशीचं पुस्तक आलं. जत्रेच्या गर्दीत चुकलेली एक म्हैस दिवसभर भटकते आणि संध्याकाळी मालकाला सापडते, एवढीच गोष्ट. मुखपृष्ठावर म्हैस आहे, मोठी, काळी, वळलेल्या शिंगांची.

"सांग," मी म्हणाले.

"एक हत्ती असतो," मुलगी म्हणाली. "तो मेळ्यातून पळून जातो. मतलब, त्याला तिथे कंटाळा येतो. मग मिलचा भोंगा वाजतो, तर तो सगळ्यांच्या लाईनीत उभा राहतो. गेटवाला विचारतो, तुझं कार्ड कुठे आहे?"

"हत्ती?"

"हो काकू."

मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. "हे कोण आहे?"

तिने मुखपृष्ठाकडे पाहिलं. "हत्ती."

मागे दोघं भावंडं आपली पाळी यायची वाट बघत उभी होती. त्यांतला धाकटा हसला. "अरे, भैंस को हाथी बोल रही है."

"आजोबांनी वाचलंय," मुलगी म्हणाली. "हत्तीच आहे."

मी सांगितलं की पुस्तकात हत्ती नाही, मिल नाही आणि भोंगाही नाही. मग तिच्या देखत, लिहिलेल्या दोन ओळींवर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: चूक. तिने दुसरं पुस्तक घेतलं नाही. बाकापाशी जाऊन आजोबांचा हात धरला आणि दोघं बाहेर पडली.

पुढचे दोन रविवार ती आली नाही. एकदा मूल वाचनालयातून सुटलं की ते बहुतेक परत येत नाही. मी तिच्या नावाचं कार्ड खोक्यातून काढून टेबलावर ठेवलं होतं. ते परत खोक्यात ठेवायला हात होईना.

तिसऱ्या रविवारी आजोबा आले. मुलगी त्यांच्या मागे होती. ते बाकावर न बसता सरळ टेबलाशी आले.

"बाई, तुम्ही माझ्या नातीला चार पोरांसमोर खोटं पाडलंत," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "वाचून मी दाखवलं होतं. खोटं पाडायचं तर मला पाडा. आणा ते पुस्तक."

टेबलावर परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा होता. घाईत मी वरचं एक उचलून त्यांच्या हातात दिलं. त्याच आकाराचं होतं, पण म्हशीचं नव्हतं. ते कुंभाराच्या चाकाचं होतं. चूक माझ्या लक्षात येईपर्यंत त्यांनी ते उघडलं होतं.

"हे बघा," ते म्हणाले, आणि ओळीखालून बोट सरकवत वाचू लागले. "भोंगा वाजला. हत्ती लाईनीत उभा राहिला. गेटवाला म्हणाला, कार्ड दाखव."

पानावर चाक होतं आणि ओली मडकी होती. बोट नेमकं ओळीखालून चाललं होतं. मी मुलीकडे पाहिलं. तिची नजर पुस्तकावर नव्हती, माझ्यावर होती. तिने मान हलवली, अगदी थोडी. नाही.

"बरोबर आहे," मी आजोबांना म्हणाले. "तुम्ही बसा."

ते बाकावर जाऊन बसल्यावर मी मुलीला कपाटाशी नेलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहले से. त्यांना अक्षरं नाही दिसत. चित्र पण धुंधला दिसतं." मग म्हणाली, "बाबांना नका सांगू, काकू. बाबा त्यांना बाहेर नाही जाऊ देणार. मग ते दिवसभर खोलीत बसतील."

"आणि चौराहा? तो कसा ओलांडता?"

"मी हात धरते ना. त्यांना वाटतं, ते माझा हात धरतात."

तिचे बाबा सिटी सेंटरच्या एका बँकेत होते. त्यांचा फोन नंबर तिच्या कार्डावर होता. आठ वर्षांची मुलगी एका न दिसणाऱ्या माणसाला हजिऱ्याच्या वाहतुकीतून पार नेत होती, आणि हे तिघांनाच माहीत होतं, त्यांतही आजोबांना अर्धंच. गप्प बसण्यासारखी ही गोष्ट नव्हती. पण फोन केला असता तर मी मुलीला दुसऱ्यांदा उघडं पाडलं असतं, आणि आजोबांना पहिल्यांदा. मी तिला खालच्या खणातली पुस्तकं नीट लावायला सांगितली आणि बाकावर आजोबांच्या शेजारी जाऊन बसले.

"मघाशी मी तुम्हाला दुसरंच पुस्तक दिलं होतं," मी म्हणाले. "मुद्दाम नाही."

 त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

"ते हत्तीचं नव्हतं?"

"नव्हतं. आणि तुम्ही हत्तीचं म्हणता तेही हत्तीचं नाही. ती म्हैस आहे."

"काळं आणि मोठं दिसलं," ते म्हणाले. "मी अंदाज लावला." मग, "दिवाळीच्या आधीपासून आहे हे. वाटलं, वयाचं आहे, आता काय करायचं. घरी कळलं असतं तर रविवारसुद्धा गेला असता."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"नाही."

"मोतीबिंदू असला तर काढता येतो."

"आणि नसला तर?"

"तर तेही कळेल. पण दाखवल्याशिवाय चौराहा ओलांडू नका. तिच्यासाठी सांगते."

कपाटाशी पुस्तकं लावणाऱ्या नातीच्या दिशेने त्यांनी चेहरा वळवला. "तिला कळलं नाही ना?"

खोटी बातमी मी कधी जाऊ दिली नव्हती. उत्तर टाळण्याच्या पद्धती मात्र मला सगळ्या माहीत होत्या. "तिला हत्ती फार आवडलाय," मी म्हणाले.

त्या दिवशी मी त्यांना रस्ता ओलांडून ई-रिक्षात बसवून दिलं. आपल्या मुलाला त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतः सांगितलं, हे मला नंतर कळलं. मुलगा रागावला, दुसऱ्या दिवशी रजा काढून डॉक्टरकडे घेऊन गेला. मोतीबिंदूच होता, दोन्ही डोळ्यांत. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते आठवडे मुलीला तिचे बाबा आणत. ती पुस्तक नेई, गोष्ट सांगे. मी विचारत नसे, ती आपणहून सांगे.

मग एका रविवारी आजोबा काळा चष्मा लावून आले. मुलगा बाहेर स्कूटर लावत होता. आजोबांनी म्हशीचं पुस्तक मागितलं, बाकावर बसले आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मनात वाचलं.

"मालकाला सापडते आणि घरी जाते," ते म्हणाले. "एवढंच?"

"एवढंच."

"मिळमिळीत आहे."

मुलगी त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी होती. "आजोबा, हत्तीवाली सांगा ना."

आजोबांनी पुस्तक मिटलं. मुखपृष्ठावरच्या शिंगांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिला ही शिंगं तेव्हाही दिसत होती, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं असावं.  त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि म्हशीच्या पानावरून हत्तीची गोष्ट वाचायला घेतली. या वेळी हत्तीला कार्ड मिळालं.

वर्तमानपत्रात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यावी लागते. मी वही काढली. लाल रेघ पुसता येण्यासारखी नव्हती. तिच्याखाली लिहिलं: "दुरुस्ती. पुस्तकानुसार म्हैस, आजोबांनुसार हत्ती. वरील शेरा चुकीचा होता." मुलीला दाखवलं. तिने वाचलं आणि मान डोलावली.

पुढच्या रविवारी त्या भावंडांतल्या धाकट्याने माझ्याकडे हत्तीचं पुस्तक मागितलं. मी त्याला दाराजवळच्या बाकाकडे पाठवलं.