उतारावर रडणारी गाडी

काटोलहून शहरातल्या धंतोलीच्या दवाखान्यांत पेशंट नेणारी माझी जुनी टॅक्सी तेव्हा कुंईऽऽ करून रडायची. मिस्त्रीने पट्टा बदलला, गिअरबॉक्स खोलला, तरी रडणं थांबेना. पेशंट घेऊन भर रस्त्यात अडकू, ही धास्ती कायम असायची.

वाटेत नाल्याचा पूल होता. अलीकडे उतार, पलीकडे चढ. तिथे एक बाई रस्त्याकडे पाठ करून संत्री निवडत बसायची. तरी मी थांबेपर्यंत पेशंटसाठी तिचं एक संत्रं सोलून तयार असायचं.

एकदा मान न वळवताच ती म्हणाली, "चढावर चूप राहते गा तुही गाडी. उतारावर रेसवरचा पाय उचलला का रडाले लागते. काहून?"

मी तेवढंच मिस्त्रीला सांगितलं. त्याने मागच्या चाकांमधला डिफरन्शियल उघडला. आतल्या गिअरचे दाते झिजले होते; त्याने ते गिअर बदलले.

पुढच्या खेपेला गाडी गुपचूप तिच्यामागे येऊन थांबली. ती दचकली. तिच्या हातात सोललेलं संत्रं नव्हतं.

"आता उतारावरूनच हॉर्न देत जाय," घाईने साल काढत ती म्हणाली, "पेशंटले थांबा लागते ना गा."