बिनमालाची हाक

दोन हजार तेवीस साल, मी शहात्तरचा. पिंपळनेरच्या घराला कुलूप घालून पोरानं मला धुळ्यात चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं. शेजारी वैशालीबाई, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या. त्यांची तऱ्हा अशी, की एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. समोरच्यानं "हं" म्हटल्याशिवाय दुसरं वाक्य नाही. मी हं म्हणणारा माणूस नाही. आमच्या गप्पा पहिल्याच वाक्यावर अडून बसत.

मी चौथी नापास, पण विचारायला लाजत नाही. काय शिकवता, म्हटलं. तर घड्याळाशिवाय चालणाऱ्या चिपा. एरवी चिपेतले सगळे भाग एका ठोक्यावर चालतात. यांच्यात ठोका नाही, भाग एकमेकांना हाक मारतात. त्या चिपा लिहायची भाषा असते, तिच्यात या हाकांच्या वाटांना चॅनल म्हणतात. त्यांच्या चार जाती. एकीत देणारा हाक मारतो, हाकेबरोबर माल, म्हणजे माहिती, जाते. दुसरीत घेणारा हाक मारतो, माल समोरच्याच्या 'ओ'बरोबर येतो. तिसरीत माल दोन्हीकडून. चौथीत मालच नाही, नुसती हाक आणि ओ.

"मंग ती कसाले?"

"दोघं पोचलेत, एवढं कळायला, आबा."

बिनकामाचं, मी मनात म्हटलं.

एका दुपारी वीज गेली आणि मी लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये अडकलो. अंधार. मोबाईल मी बाळगत नाही. दम कोंडला, पण मदतीला ओरडणं मला जमत नाही, जमणारही नाही. जिन्यावरून बाईंनी विचारलं, आत कोणी आहे का? मी गप्प.

"ओ आली नाही, तर लिफ्ट रिकामी समजून मी जाते."

चपला दोन पायऱ्या उतरल्या. मी पत्र्यावर मूठ आपटली.

"आबा?" बाई परत फिरल्या. फोन करून लिफ्टवाल्याला बोलावलं आणि पायरीवर बसल्या. "बोलू नका, दम जाईल. मी हाक मारते, तुम्ही ठोका."

"आन माल?" मी विचारलंच.

"आज माल नाही."

त्या "आबा" म्हणत, मी ठोकायचो. एकदा माझा हात उचलेना. बाईंची पुढची हाकही आली नाही. मी ठोकेपर्यंत त्याही बाहेर अडकल्यात, हे तेव्हा कळलं. ठोकलं.

लिफ्ट उघडल्यावर जो तो मला, ओरडला का नाहीत, म्हणून बोलला. बाई सोडून.

वर्षभरानं त्या जळगावच्या कॉलेजात गेल्या. त्याआधी, लिफ्टमध्ये अडकलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी त्यांचं दार वाजवलं. त्यांनी उघडलं. मी काही बोललो नाही, त्यांनीही काय हवं विचारलं नाही. मग मी जिन्यानं दूध आणायला उतरलो.