स्ट्रॉबेरीच्या बाटलीत किती साखर?

गेल्या महिन्यात एका सकाळी सोनईच्या आमच्या घरात कुणी चहासुद्धा घेतला नाही. मागच्या दोन खोल्यांतल्या लॅबमध्ये माझी सून मृणाल काचेच्या बाटल्यांसमोर उभी होती... चेहरा बघवत नव्हता तिचा.

मृणाल टिश्यू कल्चरने स्ट्रॉबेरीची रोपं तयार करते. बाटलीत जेलीसारखं मीडियम, त्यात क्षार आणि साखर, वर नखाएवढी रोपं. बंद बाटलीत रोपाला स्वतःचं अन्न पुरेसं करता येत नाही, म्हणून साखर द्यावी लागते... तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधासारखी.

पण ही खेप वाढतच नव्हती. पानं खुरटलेली, कडेने लालसर, मुळांचा पत्ता नाही. मृणालला वाटलं, मूळ रोपातच रोग असणार. म्हणजे सगळ्या बाटल्या उकळून फेकायच्या... आणि तिकडे अकोले तालुक्यातले शेतकरी वाफे तयार करून बसलेले. तिची पहिलीच मोठी ऑर्डर. "ही गेली तर लॅब बंद करते, आई," एवढंच म्हणाली आणि तिने मोठा कुकर गॅसवर चढवला.

मी दारातच उभी.

शेजारच्या खोलीत अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, नव्या मीडियमची साखर काढत होत्या. वजनकाटा दुरुस्तीला गेलेला, म्हणून मृणालने एक पसरट वाटी ठरवून दिली होती. अक्कांनी ती भरली, वर छान शीग लावली... आणि ओतल्यावर आणखी एक चिमूट टाकली.

मला एकदम कॉन्व्हेंट शाळेतला स्वयंपाकाचा तास आठवला. सिस्टर प्रत्येक चमच्यावरून सुरीची पाठ फिरवून माप सपाट करायच्या... केवढा राग यायचा तेव्हा!

"अक्का, दरवेळी अशीच भरता?"

"मग! सपाट माप कुनी देतं व्हय? लेकरांच्या तोंडचं हाय ते. तुला कानव्हेंटात हात आखडायलाच शिकिवलं बग!"

मी ओरडलेच... "मृणाल, आधी गॅस बंद कर!"

तिने सपाट वाटी आणि शिगेची वाटी दोन सारख्या ग्लासांत ओतून पाहिली. जवळजवळ दीडपट! साखर इतकी झाली की रोपाला पाणी ओढून घेणं जड जातं, ते खुरटतं, लाल पडतं. "पण रोगही असू शकतो," ती म्हणाली. तरी तिने रोपं बेताच्या साखरेच्या मीडियममध्ये हलवली. मग नुसती वाट पाहायची...

अक्का लॅबमध्ये यायच्याच बंद झाल्या. जेवताना घास हातात धरून विचारायच्या, "माज्या हातानं मेली का गं ती?" मृणाल म्हणायची, "अजून जिवंत आहेत, अक्का. जेवा तुम्ही."

आज सकाळी तिने अक्कांना हाताला धरून रॅकपाशी नेलं. बाटल्यांत कोवळी हिरवी पानं होती... आणि तळाशी दोऱ्यासारखी पांढरी मुळं. अक्कांनी काचेवर बोट ठेवलं. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "लई छळलं गं या लेकरांनी."

एवढ्या दिवसांत मृणाल त्यांना एकदाही टोचून बोलली नाही. तिच्या वयात मला हे जमलं असतं का, कोण जाणे... देवाने ही पोर आमच्या घरात दिली, त्याचे आभार कसे मानू?