नोंग देन्स्यो आणि मुठीतली खाच

गेला पंधरवडाभर आमच्या दानाओ गावच्या बाजारात सुकटीच्या वाट्याबरोबर एक बातमी फुकट मिळत होती. देन्स्यो लावासचे हात गेले. माडीने गेले, म्हणे. ज्या माणसाने पन्नास वर्षं नुसत्या कानशीने पिस्तुलं घडवली, त्याला डोळे बांधल्यावर पंचवीस हजार पेसोंचं पिस्तूल कुठलं आणि नव्वद हजारांचं कुठलं, एवढंही बोटांनी ओळखता आलं नाही.

बातमी खोटी आहे. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ती पसरवणाऱ्यांत पहिला मी होतो.

नोंग देन्स्यो (वडीलधाऱ्या माणसाला आम्ही नोंग म्हणतो) माझा शेजारी. आमच्या दोघांत एक बांबूचं कुंपण, आणि तेही त्याच्या बाजूला कललेलं. सकाळी त्याची कानस सुरू झाली की माझी कोंबडी अंड्यांवरून उठते. मी डुकरं भाजतो. पोटात गवती चहा भरून, निखाऱ्यावर चार तास फिरवून. त्यामुळे गावातल्या प्रत्येक सणाला, बारशाला आणि मयताला मला बोलावणं असतं, आणि जिथे मी असतो तिथली बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होत नाही.

आमच्या आळीत घरोघरी पिस्तुलं घडायची, आणि पिस्तूल म्हणजे एकच, पंचेचाळीस बोअरचं. शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन घडण, अजून कुणाला तिच्यात फार काही सुधारता आलेलं नाही. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा एका अमेरिकन सैनिकाने माडीच्या दोन बरण्यांवर आपलं पिस्तूल देन्स्योच्या बापाकडे गहाण टाकलं आणि तो बोटीत बसून गेला तो गेलाच. बापाने ते सुटं केलं आणि रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यांतून हुबेहूब तसंच घडवलं. इतकं हुबेहूब, की मॅगझीन जिथून आत जातं तिथे, आतल्या कडेला, एक खाच होती, तीही त्याने घातली. काहीतरी कामाची असणार, अमेरिकन काय उगीच खाच पाडेल! बापाचं बघून सगळ्या आळीने घातली. पंचवीस वर्षांनी कुणीतरी दुसरं अस्सल पिस्तूल पाहिलं. त्यात खाच नव्हती. तेव्हा उलगडा झाला, की तो सैनिक मुठीच्या बुडाने मासळीचे डबे फोडायचा.

आळी महिनाभर हसली आणि सगळ्यांनी खाच सोडली. देन्स्योने सोडली नाही.

"नोंग, आज कुठला डबा फोडायचा?" मी कुंपणावरून विचारायचो.

"तुझं डोकं," तो म्हणायचा. "रिकामा डबा लवकर फुटतो."

त्या काळात सगळं चोरून चालायचं. पोलीस आले की वाइस माडाखाली पुरायची. आणि पिस्तुलावर स्वतःचं नाव घालायची सोय नव्हतीच. गिऱ्हाइकाला परदेशी नाव हवं असे. देन्स्योने उभा जन्म दुसऱ्यांची नावं कोरली. अक्षर असं, की खुद्द अमेरिकनाने आपलं समजून खिशात घालावं.

मग परवाना असलेला कारखाना आला आणि आळीतली तीस माणसं पगारावर गेली. देन्स्योच्या वाट्याला पिस्तुलाचा वरचा सरकता भाग खालच्या सांगाड्यावर बसवायचं काम आलं. पंचवीस हजारांचं पिस्तूल पहारेकऱ्यांसाठी. सांध्यात जरा सैल, हलवलं तर वाळक्या शेंगेसारखं खुळखुळतं, वर काळपट रंग. वकील-डॉक्टरांना दाखवायला लाज वाटावी असं, पण चिखलात बुडवून काढलं तरी बार उडणारच. त्याचीही मूठ देन्स्यो हातावेगळी करताना आत खाच पाडायचा. तपासणारे आत कशाला बघतात!

दोन वर्षांपूर्वी मॅनेजर रोसालने महाग पिस्तूल काढायचं ठरवलं. आरशासारखी झिलई, रेड्याच्या शिंगाची मूठ, सांधा असा घट्ट की हलवलं तर चूं नाही. आणि त्यावर घडवणाऱ्याचं नाव.

"नोंग देन्स्यो, तुमचंच नाव," रोसाल म्हणाला. "डी. लावास. आधी बारा घडवा. लोकांना आवडली की पुढे कायमचं."

त्या दिवशी म्हातारा कुंपणाशी आपण होऊन आला. हे कधी होत नसे. धाकट्याला हाक मारावी तसं म्हणाला, "डोंग, ह्या बारांत मी खाच घालणार नाही."

"का? बापाला रुसवणार?"

"बापाने अमेरिकनाचं पिस्तूल केलं. हे माझं आहे."

तीन महिने तो त्या बारांवर बसला. नांग पासिंग, त्याची बायको, सांगायची की जेवताना याची बोटं ताटाच्या कडेवर पुढेमागे फिरतात. एकेक सांधा केसाकेसाने घासून बसवला. बारा पिस्तुलं कारखान्याने नेली. कुणाकुणाच्या मोठ्या घरी भेट म्हणून गेली, असं ऐकलं. देन्स्यो पुढच्या कामाची वाट पाहत राहिला.

पंधरवड्यापूर्वी रोसालने निशाणबाजीच्या मैदानावर नेमबाज क्लबाची मेजवानी ठेवली. डुक्कर अर्थात माझं. सेबू शहरातून बडी गिऱ्हाइकं आली, त्यांत अ‍ॅटर्नी सेर्ना सगळ्यात पुढे, चाळीस पिस्तुलं एकदम मागवायला तयार. म्हाताऱ्याला नवा पांढरा सदरा घालून आणलं होतं. रोसालने त्याचे डोळे हातरुमालाने बांधले आणि टेबलावर दोन रिकामी पिस्तुलं ठेवली.

"अ‍ॅटर्नी, आता गंमत बघा. स्वस्त आणि महाग यांतला फरक आमच्या उस्तादाला डोळ्यांनी बघावा लागत नाही."

मी सुरी हातात घेऊन बघत होतो. देन्स्योने पहिलं उचललं, हलवलं. खुळखुळलं. करंगळीने मुठीत आत चाचपलं आणि खाली ठेवलं. दुसरं उचललं. हलवलं, खुळखुळलं नाही. अंगठा झिलईवरून फिरला आणि थांबला. तिथे त्याचं नाव होतं. अंगठ्याने त्याने ते अक्षर अक्षर वाचलं, आणि मला वाटतं, रुमालाखाली तो हसला. मग सवयीने करंगळी मुठीत आत गेली.

बराच वेळ ती बाहेर आली नाही.

"बोला, नोंग," रोसाल म्हणाला. "हे कुठलं?"

"पहारेकऱ्याचं."

लोक हसले. अ‍ॅटर्नी सेर्ना म्हणाले, "अहो, नीट चाचपा! नव्वद हजार मोजणार आहे मी."

"दोन्ही पहारेकऱ्यांचीच आहेत," देन्स्यो म्हणाला आणि त्याने रुमाल सोडला.

रोसालचं हसू क्षणभरही हललं नाही. त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वय झालं, अ‍ॅटर्नी. मेजवानी म्हणून सकाळपासून माडी झालीय. चला, डुक्कर थंड होतंय." लोक पुन्हा हसले. मीही हसलो, आणि अ‍ॅटर्नींच्या ताटात कुरकुरीत कातडी वाढली. चाळीसची मागणी त्याच टेबलावर पक्की झाली. सोमवारी देन्स्योला सांगण्यात आलं की आता त्याने विश्रांती घ्यावी. नाव पिस्तुलांवर राहील, काळजी नसावी.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात ही गोष्ट अकरा वेळा सांगितली. प्रत्येक वेळी म्हाताऱ्याचे हात जरा जास्त कापले.

आठवड्याने कुंपणापलीकडची कानस ऐकू येईना, म्हणून भाजल्या डुकराचा कान घेऊन गेलो. तो पायरीवर बसला होता. हात मांडीवर, दगडासारखे स्थिर. मी बघितलं ते त्याने बघितलं.

"खाच होती?" मी विचारलं. एवढी अक्कल मला आठ दिवसांनी सुचली.

"दोन्हींत."

म्हणजे बारा संपल्यावर तेरावं कुणी केलंच नव्हतं. पहारेकऱ्याचं पिस्तूल घ्यायचं, सांध्यात झारण, म्हणजे वितळवलेलं कथील, भरून खुळखुळ बंद करायची, झिलई द्यायची, शिंग लावायचं, नाव कोरायचं. शेपाचशे गोळ्यांत झारण झडतं. तोवर अ‍ॅटर्नीने ते काचेच्या कपाटात ठेवलेलं असतं.

"पासिंग म्हणते, गप्प राहिला असतात तर नोकरी तरी राहिली असती," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, ती पुढे घसरली. "आणि नोंग, खरं सांगू? पन्नास वर्षं तुम्ही अमेरिकनांची नावं खोट्यांवर कोरलीत. आता कुणी तुमचं कोरलं. आता तुम्हीही परदेशी कंपनी झालात!"

तो हसला नाही. कान त्याने पासिंगच्या कुत्र्याला टाकला, हात पंच्याला पुसले आणि म्हणाला,

"मी नाव चोरलं, पण त्याखाली जीव ओतून काम दिलं. त्यांनी त्या बारांतलं माझं काम दाखवलं आणि विकलं दुसरंच. जा, बाजारात हे सांग आता. नाही सांगणार तू. ह्यात हसण्यासारखं काही नाही."