कृष्णा चूक, अप्पा बाद!

माझी पहिली कंपनी मटकीमुळे बुडाली.

हसू नका. बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये आमचं रीतसर ऑफिस होतं, काचेचं दार होतं, अकरा माणसं होती, आणि ही अकरा माणसं मिळून देशभरातल्या गृहिणींना (आणि गृहस्थांना! जाहिरातीत मुद्दाम मिशीवाला गृहस्थ घेतला होता) मोबाईलवर आठवण करून द्यायची, की बाबांनो, आज मटकी भिजत घाला. ॲप इतकं छान चाललं की चार महिन्यांत लोकांना सवयच लागली. सवय लागल्यावर त्यांना आठवणीची गरज उरली नाही, आणि त्यांनी ॲप काढून टाकलं. आपण इतकं चांगलं काम करू नये, हे मला कोणी आधी सांगितलंच नाही!

कंपनी गेल्याचं दुःख मी पचवलं असतं. खरी पंचाईत अप्पांची होती.

अप्पा म्हणजे माझे वडील. वाईला भूगोलाचे मास्तर. निवृत्त झालेत, पण शाळेतून, भूगोलातून नाही. मी बंगळूरला आल्यापासून रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा आणि दर फोनच्या शेवटी एक प्रश्न असायचा. "बरं नंदू, सांग बघू, काल तू बसने आलास तर वाटेत किती नद्या ओलांडल्यास?" मी झोपलो होतो, असं सांगून चालायचं नाही. "नदी ओलांडताना झोपतोस? मग प्रवास कशाला करतोस?" मी वैतागायचो. वैदेहीला, म्हणजे बायकोला, सांगायचो, "लोकांचे वडील तब्येत विचारतात, आमचे नद्या विचारतात!"

कंपनी बंद पडली तेव्हा मी अप्पांना सांगितलं नाही. (हिंमत नव्हती. सगळ्या वाईभर त्यांनी पेढे वाटले होते.) दोन महिने मी त्यांचे फोन घेतले नाहीत आणि "मीटिंगमध्ये आहे" असे निरोप पाठवले. मीटिंग कोणाशी, तर गॅलरीतल्या तुळशीशी! शेवटी त्यांना ते त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी सुखाने ऐकून घेतलं असतं. त्यानंतर फोन फक्त रविवारी यायला लागला. "बरा आहेस ना? बरं. ठेवतो."

प्रश्न बंद.

तुम्हाला वाटेल, सुटलास की! मलाही पहिला आठवडा तसंच वाटलं. मग रोज संध्याकाळी मी फोनकडे बघत बसायला लागलो. सिल्क बोर्डच्या सिग्नलला रिक्षात बसल्या बसल्या मनातल्या मनात नद्या मोजायला लागलो. चाळिशीला आलेला माणूस, दाढीत पांढरे केस, आणि आस कसली, तर वडिलांनी आपल्याला एक प्रश्न विचारावा! सांगणार कोणाला?

म्हणून मी दुसरी कंपनी काढली.

रोज संध्याकाळी सात वाजता मोबाईलवर थेट खेळ. दहा प्रश्न, प्रत्येकाला दहा सेकंद, चुकलात की बाद, मग नुसतं बघत बसायचं. शेवटपर्यंत टिकेल त्याला बक्षीस. माझा भागीदार गिरीश, हा म्हैसूरचा, कॉम्प्युटरचा सगळा कारभार त्याच्याकडे. त्याला मी "मराठी माणसाची ज्ञानाची भूक" वगैरे पुष्कळ ऐकवलं. वैदेहीला मात्र ऐकवता आलं नाही.

"हे सगळं अप्पांनी खेळावं म्हणून ना?"

"छे! बाजारपेठ आहे."

"अरे, सरळ फोन करून सांग ना, अप्पा, माझं चुकलं."

"ते कसं सांगणार?"

"म्हणजे त्यापेक्षा कंपनी काढणं सोपं?"

"हो!"

 खेळ कसा खेळायचा ते अप्पांना समजावून सांगणारा लांबलचक निरोप मात्र तिनेच पाठवला.

ऑफिस आता नव्हतंच, त्यामुळे स्टुडिओ झाला बनशंकरीतला माझ्या सासऱ्यांचा हॉल. सासरे म्हणजे अण्णा. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपासून बंगळुरात. "नंदनराव, आम्ही घोड्यावरून आलो, तुम्ही बसने आलात," हे ते मला लग्नापासून ऐकवतात. सासूबाईंनी बक्षिसाचा मैसूरपाक करून ठेवला होता. देवघराचा मरून रंगाचा पडदा काढून मी मागे लावला, त्यामुळे देव उघडे पडले आणि सासूबाई माझ्याशी कन्नडमध्ये बोलू लागल्या. (त्या रागावल्या की कन्नडमध्ये बोलतात.)

"नंदनराव, स्वल्प सरका," अण्णा म्हणाले. "तुमच्या डोक्यामागे पडद्याला मेणाचा डाग दिसतो."

मी सरकलो. मग दिव्याचा उजेड टकलावर आला. पुन्हा सरकलो. मग डाग. "सरी, सरी, असू दे, डागच बरा," अण्णांनी निकाल दिला.

चित्रीकरण माझ्याच मोबाईलवर, कारण कॅमेरा त्याचा बरा. आवाजासाठी कॉलरला वेगळा माईक, त्याची वायर गिरीशच्या लॅपटॉपला. फोनवरचे सगळे कॉल बंद करून ठेवायचे होते. मी केले. एक नंबर सोडून. त्या दोन महिन्यांनंतर मी शपथच घेतली होती, की अप्पांचा फोन पुन्हा कधी म्हणून चुकवायचा नाही. (रविवार नव्हता. येणार कशाला?)

सात वाजले. एकशे बारा लोक हजर! गिरीशने मला यादी दाखवली. सदतिसावं नाव होतं "अप्पा वाई." मी ते दोनदा वाचलं.

पहिला प्रश्न सोपा होता. दुसऱ्याला अण्णा बाद झाले. समोरच्या सोफ्यावर बसून खेळत होते. "प्रश्नच चुकीचा!" म्हणाले, आणि रुसून बक्षिसाचा मैसूरपाक खायला लागले. मी घाम पुसत पुढे गेलो. सहाव्या प्रश्नापर्यंत चाळीस जण उरले, अप्पा त्यांत होते. माझा आवाज चढला. मी हातवारे करायला लागलो.

"सातवा प्रश्न! महाराष्ट्रात उगम पावून बंगालच्या उपसागराला मिळणारी नदी कोणती? एक, तापी. दोन, गोदावरी. तीन, कृष्णा. दहा सेकंद!"

उत्तर, गोदावरी. निम्मी यादी गळली. गिरीशने हळूच लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "अप्पा वाई" बाद.

आणि फोन वाजला.

आता हे ऐका. मी वाईचा. घाटावर लहानाचा मोठा झालो. पण आमच्याकडे तिला कृष्णा कोण म्हणतं? आमची ती कृष्णाबाई! तिचा उत्सव असतो, तिला साडी नेसवतात, तिच्या नावाने जेवणावळी उठतात. ती आमच्या घरातली बाई, ती कशाला परीक्षेत उत्तर म्हणून येईल? प्रश्न तयार करताना तिसरा पर्याय सुचत नव्हता, तेव्हा बोटांनी आपोआप घरचं नाव लिहिलं. ती महाबळेश्वरला उगम पावते, बंगालच्या उपसागराला मिळते, हे मला कोणी विचारलं असतं तर मी झोपेत सांगितलं असतं. पण चूक पर्याय म्हणून माझ्याच हातांनी तिला मी उभं केलं होतं, आणि भूगोलाच्या मास्तरांना तिच्यापायी बाद केलं होतं!

कॉल येताच चित्र थिजलं. माझं तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, मागे मेणाचा डाग. आवाज मात्र लॅपटॉपवरून चालूच. हे मला ठाऊक नव्हतं. गिरीश दोन्ही हात हलवून सांगत होता, मला वाटलं, घे म्हणतोय. मी फोन घेतला आणि गडबडीत स्पीकरवर टाकला.

"नंदू!" अप्पांचा वर्गातला आवाज. "कृष्णा कुठे मिळते रे?"

"बंगालच्या उपसागराला, अप्पा."

"मग मी बाद का?"

"चुकलं, अप्पा."

"कोणाचं?"

"माझं." आणि मग थांबताच येईना. "माझं चुकलं. तेव्हाही माझंच चुकलं. मी सांगायला हवं होतं. मीटिंग-बिटिंग काही नव्हती, अप्पा, मी गॅलरीत उभा असायचो. तुमचा फोन वाजायचा आणि मी नुसता बघत बसायचो. तुम्ही प्रश्न विचारणं का हो बंद केलंत?"

 सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या. वैदेहीने हळूच माझ्या कॉलरच्या माईककडे बोट दाखवलं. तेव्हा मला कळलं, की एकशे बारा माणसं हे ऐकत होती! (एकशे अकरा. एकशे बारावा बोलत होता.)

"आधी सगळ्या पोरांना आत घे," अप्पांनी घसा साफ केला. "कृष्णावालेही बरोबर, गोदावरीवालेही बरोबर. तापीवाले आणि आधी बाद झालेलेही असू देत, पहिलाच दिवस आहे."

"घेतो, अप्पा."

"आता तू सांग. वेळ दहाच सेकंद. बंगळुरात तू रोज जे पाणी पितोस, ते कुठल्या नदीचं?"

बंगळुरातलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. आठ वर्षं मी तेच पाणी पितोय, पण डोळ्यांसमोर घाट होता, सायकल धरून उभे असलेले अप्पा होते, आणि त्यांनी विचारलं होतं, मला विचारलं होतं! मी तोंड उघडलं आणि म्हणालो,

"कृष्णा!"

अण्णांना मैसूरपाकाचा ठसका लागला. "कावेरी! कावेरी की हो, नंदनराव!"

"बाद!" अप्पा म्हणाले. किती दिवसांनी ते हसत होते!

उद्घाटनाच्या त्या संध्याकाळी एकशे बारा माणसं खेळात परत आली, अण्णांसकट. खेळातून बाहेर गेलेला एकच इसम होता, आणि तो कंपनीचा मालक होता.