भांडायची गाणी

बिराजदारबाई कुणाच्याही घरी रिकाम्या हातानं जात नसत, आणि साडी-खण घेऊनही जात नसत. वास्तुशांत असो, बारसं असो, नाहीतर नुसतं बोलावणं असो. चहा पिऊन झाला की त्या पर्समधून एक पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवत. त्याला पांढरी चिकटपट्टी लावलेली आणि पट्टीवर ज्याला द्यायचा त्याचं नाव. आत जगभरातली गाणी. कुठल्या देशातली, कुणी म्हटलेली, अर्थ काय, यातलं काहीही लिहिलेलं नसे. "साडी तू उद्या दुसरीच्या गळ्यात मारशील," त्या म्हणत. "हे मारता येत न्हाय. ह्यावर तुझं नाव हाय."

या गाण्यांच्या मिश्रणाला त्यांचा शब्द होता 'सुशीला'. आमच्या भागात चुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन, दाण्याचं कूट घालून सकाळचा जो नाश्ता करतात, तो सुशीला. "तुझ्यासाठी सुशीला केलाय," असं त्या मला पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी डबा घ्यायला हात पुढं केला होता.

मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून धाराशिवहून अणदूरला आले होते. जवळच्या एका गावातल्या शाळेत मराठी शिकवण्याची नोकरी मिळाली होती. नवऱ्यानं मला टाकलेलं नव्हतं, मी त्याला सोडलं होतं, आणि नेमकी हीच गोष्ट स्टाफरूममध्ये कुणाला पचत नव्हती. रोज कुणीतरी विचारी, "मिस्टर कुठं असतात?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेई. एका दुपारी भूगोलाच्या बिराजदारबाई वह्या तपासत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ते असतात त्यांच्या घरी. ही असती हिच्या घरी. पुढं?"

पुढं कुणीच काही विचारलं नाही. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या नावाची पट्टी लावलेला पेन ड्राइव्ह माझ्या हातात आला.

माझी समजूत अशी की आत दुःखाची गाणी असतील. दुखावलेल्या बाईला लोक तसलंच काहीतरी देतात. खोलीवर जाऊन लावलं तर पहिल्याच गाण्यात पंधरा-वीस बायका जमिनीवर पाय आपटत मोठ्यानं काहीतरी म्हणत होत्या. विनवणी नव्हती ती. दाराशी उभं राहून कुणाला तरी बाहेर बोलावल्यासारखा तो आवाज होता. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "बाई, ती भाषा कुठली?"

"माहीत हाय मला. सांगणार न्हाय."

"का?"

"सांगितलं की तू अर्थ शोधत बसशील. मराठीची बाई तू. रडायची गाणी तुझ्याकडं मायंदाळ असतील. ही भांडायची हायत. आधी ऐक."

त्यांचं नाव महानंदा. जन्म सीमेपलीकडचा, आळंदच्या बाजूचा. घरात सगळे कानडी बोलत. वडिलांनी पोटापाण्यासाठी बिऱ्हाड उमरग्याकडं हलवलं आणि मुलीला मराठी शाळेत घातलं. पहिल्या दिवशी मास्तरांनी काहीतरी विचारलं. या पोरीला कळलं नाही, म्हणून ती म्हणाली, "गोत्तिल्ला." म्हणजे माहीत नाही. वर्ग हसला, मास्तरही हसले, आणि पुढं कितीतरी दिवस सगळे तिला गोत्तिल्लाच म्हणत राहिले. ही हकिकत बाई हसत सांगत, पण शेवटी आवाज घट्ट होई. "एक शब्द कळत नव्हता तरी मी रोज जाऊन बसले. नुसतं ऐकलं. कळत न्हाय म्हणून मी मराठीला वाईट म्हटलं का? मग माझ्या गाण्यांला नावं ठेवणाऱ्या ह्या लोकांला काय झालंय?"

त्यांच्या वडिलांकडं एक रेडिओ होता. त्याचा काटा एका जागी टिकत नसे. कानडी चालू असताना तेलुगू यायचं, उर्दू यायचं, मध्येच खूप लांबून एखादी अशी भाषा यायची की घरात कुणालाच ती ओळखता येत नसे. वडील काटा सरकवायला उठले की ही पोर त्यांचा हात धरायची. पुढं भूगोलाची पदवी घेतली, शाळेत संगणक आला, नेट आलं, आणि त्या काट्यापलीकडचं सगळं बाईंच्या हाताशी आलं. वर्गात एखादा देश शिकवायचा झाला की आधी त्या तिथलं गाणं लावत, मग नकाशा उघडत. "नकाशात देश दिसतो," त्या म्हणत. "ऐकू कुठं येतो?"

सुशीला त्या मोजक्याच माणसांना देत. त्यात एक मी, दुसरी त्यांची जुनी मैत्रीण नजमाआपा. आपा ब्लाऊज शिवायच्या, म्हणून त्यांच्या गाण्यांचा वेग शिलाई मशीनच्या वेगाला जुळलेला असे. आणि तिसरे बाईंचे यजमान, शिवलिंगअप्पा. अप्पा शेतकरी. त्यांच्या ट्रॅक्टरवर टेप होता आणि त्यात कायम बाईंचा पेन ड्राइव्ह. वाळवंटातल्या कुठल्या तरी देशातलं एक संथ गाणं त्यांना फार आवडे. त्यातल्या तंतुवाद्याचा ठेका चालत्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांसारखा होता. नांगरट करताना ते गाणं लावून अप्पा स्वतःचेच कानडी शब्द त्यात घालून म्हणत. बाई म्हणायच्या, "त्या देशातला माणूस ऐकंल तर म्हणंल, अरे, आमच्यातलाच दिसतो ह्यो."

अप्पा एका दुपारी बांधावर बसल्या बसल्या गेले. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे शेतातच त्यांना माती दिली. मी तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेटायला गेले, तर सोप्यात भावकीतली माणसं बसलेली, आणि आतल्या खोलीत बाई भिंतीला टेकून होत्या. शेजारी छोटा स्पीकर. त्यावर अप्पांचं ते गाणं.

थोड्या वेळानं त्यांचे धाकटे दीर दारात आले. "वहिनी, लोक येतायत. हे बंद करा आता. बरं दिसत न्हाय. घरात सुतक हाय."

बाईंनी मान वर केली. डोळे सुजले होते. "आपल्यात सुतक कधीपासनं, भावजी? आपल्यात सुतक मानत न्हाईत, असं जयंतीच्या दिवशी स्टेजवर तुम्हीच सांगता की."

दीर गडबडले. "ते व्हय, पण निदान आपलं भजन तरी लावा. हे कुणाचं म्हणायचं?"

"ह्यांचं हाय. ह्यांनी रोज ऐकलं. उद्यापासनं ऐकायला ह्ये न्हाईत, म्हणून आज मी ऐकतीय. लोकांला चालत नसंल तर लोकांनी सोप्यात बसावं."

दीर तसेच मागं फिरले. बाईंनी आवाज वाढवला नाही आणि कमीही केला नाही. गाणं चालू होतं आणि त्या रडत होत्या, दोन्ही एकदमच. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. माझ्या आईला मी माझ्या वडिलांमागं असं हक्कानं रडताना कधी पाहिलं नव्हतं; तिला आधी पाहुण्यांच्या चहाचं बघावं लागलं होतं.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात बाईंनी आठवीच्या मुलींचं लेझीम बसवलं. दरवर्षी बसवत, पण या वेळी हलगीऐवजी त्यांनी जगातल्या वेगवेगळ्या देशांची गाणी एकाला एक जोडून घेतली होती. लेझमीची पावलं तीच, आपली. वर आवाज कुठले कुठले. सरावाच्या वेळी वीज कधी असे, कधी नसे. म्हणून त्यांनी मुलींकडून ती गाणी तोंडपाठ करून घेतली होती. शब्द चुकले तरी चालतील, चाल चुकली तर मैदानाला फेरी. मधल्या सुट्टीत पोरी हापशावर पाणी भरतानाही तीच गाणी म्हणू लागल्या.

त्यातलं एक गाणं गावातल्या काही तरुणांच्या कानांवर गेलं. संमेलनाच्या आदल्या दिवशी ते स्टाफरूममध्ये आले. हात जोडून, नीट बोलत होते. "बाई, ते एक गाणं मुसलमानांचं हाय म्हणतात. आपल्या शाळेत कशाला?"

मला ते गाणं माहीत होतं. एका आईनं लेकीला झोका देताना म्हटलेलं होतं, एवढं बाईंनी मला कधीतरी सांगितलं होतं. मला वाटलं, आता त्या तेवढं सांगतील आणि विषय संपेल. बाई मात्र म्हणाल्या, "कुणाचं हाय ते मी सांगणार न्हाय."

"सांगा की. तसं नसंल तर आमचं काय म्हणणं न्हाय."

"म्हणूनच सांगणार न्हाय. तसं असलं तर काय म्हणणं हाय, ते आधी तुम्ही सांगा."

ती मुलं संस्थेच्या अध्यक्षांकडं गेली. अध्यक्षांना आम्ही अण्णा म्हणत असू. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कुठलाही वाद दारात नको असे. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. मीही सोबत गेले. अण्णा म्हणाले, "एवढं एक गाणं काढा, बाई. बाकी सगळं ठेवा."

"एक काढलं तर पोरी विचारतील, का काढलं. काय सांगू त्यांना?"

"काहीही सांगा."

"वर्गात मी काहीही सांगत न्हाय, अण्णा."

संमेलनाच्या दिवशी संध्याकाळी मुली रांगेत मैदानात उतरल्या. पहिली दोन गाणी झाली. तिसरं, तेच झोक्याचं, सुरू झालं आणि स्पीकरचा आवाज गेला. स्टेजमागं अण्णांनीच खूण केली होती, हे नंतर कळलं. मुली लेझीम वर धरून तशाच उभ्या. बाई कडेला होत्या. त्यांनी ओरडून काही सांगितलं नाही, हात केला नाही. फक्त त्या मुलींकडं बघत राहिल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं ते गाणं म्हणायला सुरुवात केली. मग तिच्या शेजारणीनं, मग सगळ्यांनी. शब्द पुष्कळ चुकले होते, त्यात मराठी, कानडी उच्चार मिसळले होते, पण चाल पक्की होती आणि लेझीम एकाही ठिकाणी मागं-पुढं झालं नाही. खाली बसलेल्या बायकांनी ठेक्यावर टाळ्या धरल्या. नजमाआपा माझ्या शेजारी होत्या. पदर डोळ्यांना लावून बाईंकडं बघत त्या म्हणाल्या, "इसे किसी का डर नहीं, और मुझे इसी बात का डर लगता है."

नव्या वर्षी बाईंची बदली झाली. तामलवाडीकडच्या एका खेड्यात संस्थेची शाखा होती, तिथं. रोज तुळजापूरला एस.टी. बदलून जावं लागे, आणि नोकरीची थोडीच वर्षं उरलेली. चुकलं असं एका ओळीत लिहून दिलं तर बदली रद्द होईल, असा निरोप अण्णांनी माझ्याकरवी पाठवला. मी तो पोचवला. बाई भाकरी थापत होत्या. "चुकलं न्हाय, तर लिहायचं कसं?" एवढंच म्हणून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. वरून मला पिठलं वाढलं. पहिल्या दिवशी नव्या शाळेत मुख्याध्यापकांनी "इथं तसलं काही नको हं" असं बजावलं, तेव्हा त्यांनी "तसलं म्हणजे कसलं?" असं अगदी साधेपणानं विचारलं. निवृत्त होईपर्यंत त्या शाळेतही नकाशाच्या आधी गाणंच वाजत राहिलं.

निवृत्तीनंतर त्यांचे कान जायला लागले. आधी उजवा. मी हळहळले, तर म्हणाल्या, "डावा काय भाड्यानं दिलाय का?" मग डावाही उतरला. सोलापूरच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. मशीनमधून माणसाचं बोलणं येई, पण गाणं लावलं की पत्र्यावर खडे पडल्यासारखा नुसता कडकडाट. पुण्याहून मुलाचा फोन आला, आई, आता इकडंच ये, तिथं एकटीनं काय करणार. त्या म्हणाल्या, "काम हाय मला."

काम म्हणजे सुशीला. आता तो आम्ही तिघी मिळून करतो. रविवारी सकाळी मी आणि नजमाआपा त्यांच्याकडं जातो. बाई संगणकावर गाणं लावून कानातलं मशीन काढून ठेवतात आणि स्पीकरवर तळवा टेकवतात. ठेका त्यांना हाताला कळतो. बाकीचं आम्ही ऐकायचं. गाणं संपलं की मशीन पुन्हा कानात, आणि प्रश्न सुरू. बाई हाय का माणूस? एकटी हाय का घोळका? शेवटी थकली का?

मागच्या रविवारी असंच एक गाणं होतं. कुठल्या तरी थंड देशातलं, एकट्या बाईचं, वाद्य जवळजवळ नाहीच. बाईंनी स्पीकरवरून हात उचलला आणि मशीन कानात घातलं. "हाताला काहीच लागत न्हाय. काय करतीय ती?"

"मागतेय काहीतरी," नजमाआपा म्हणाल्या.

"मग काढा. मागणारी नको."

मी म्हणाले, "नाही बाई. ते राहू दे."

"का?"

"ती मागत नाहीये. तिनं मागून बघितलं असेल कधीतरी. आता ती हळू आवाजात नाही म्हणतेय. मला ऐकू येतंय ते."

इतक्या वर्षांत बाईंच्या गाण्यांबद्दल मी त्यांच्याशी वाद घातला नव्हता. मग बाईंनी माऊस माझ्याकडं सरकवला.

"ऐकू तुला येतंय," त्या म्हणाल्या. "ठेव. कुठं ठेवायचं ते बी तूच ठरव."