रिकाम्या डिस्कमधला वॉबल

कुठल्याही ऑफिसात दहा वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात, ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरच्या वायरी साचतात तसे. कुठली कशाची ते आठवत नाही, पण टाकवतही नाही. आमच्याकडे तर गंमत अशी की काम कमी होत गेलं आणि किस्से वाढत गेले!

आमचं ऑफिस म्हणजे भोपाळच्या अरेरा कॉलोनीत, एका टेलरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. लोकांच्या जुन्या, न चालणाऱ्या सीडी-डीव्हीडींमधून त्यांच्या आठवणी परत काढून देणं हा आमचा धंदा. माणसं मोजून तीन. कोलते सर म्हणजे मालक. मूळ नागपूरचे, डोक्यात चोवीस तास इलेक्ट्रॉनिक्सचा किडा. सक्सेनाजी म्हणजे हात. त्यांच्याशिवाय एकही मशीन उघडत नाही आणि उघडलेलं बंदही होत नाही. आणि मी म्हणजे बाकी सगळं.

मिसरोदच्या घरून ऑफिसला येताना बसमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "आजकल सीडी कौन देखता है?" मी सांगते, "कोई नहीं। इसीलिए तो चलती नहीं, और इसीलिए हमारे पास आती है!"

*

इंटरव्ह्यूला सरांनी माझ्या हातात एक कोरी करकरीत डीव्हीडी ठेवली. "यात काय आहे?"

"काही नाही, सर. ब्लँक आहे."

"चूक!"

त्यांनी ती उघड्या ड्राइव्हवर फिरवली. शेजारच्या स्क्रीनवर एक हिरवी लाट डुलायला लागली. मग पंधरा मिनिटांचं लेक्चर. लिहिता येणाऱ्या डिस्कवर कारखान्यातच एक बारीक, गोल गोल फिरत जाणारी खाच पाडलेली असते. ती सरळ जात नाही, किंचित डावी-उजवीकडे डुलत जाते. त्या डुलण्याला म्हणायचं वॉबल. ड्राइव्ह लेसरने ते डुलणं ओळखतो आणि त्यावरून त्याला कळतं की डिस्क किती वेगाने फिरतेय आणि आपण तिच्यावर नेमके कुठे आहोत. म्हणजे काहीही लिहायच्या आधीच डिस्कमध्ये घड्याळ आणि पत्ता दोन्ही हजर! "ज्याला वॉबल सापडला, त्याला डिस्क सापडली," सर म्हणाले.

मी भारावून गेले. बाहेर आल्यावर सक्सेनाजींना विचारलं, "आपसे भी यही सवाल पूछा था?"

"हाँ। मैंने कहा, सर, इसमें तो मेरा चेहरा दिख रहा है।"

"फिर?"

"फिर क्या, उसी दिन रख लिया। बोले, ये आदमी कम से कम देखकर तो बोलता है!"

*

वैद्य काकू आल्या त्या एका मंगळवारी, स्टीलच्या डब्यात रुमालात गुंडाळलेली डीव्हीडी घेऊन. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण आवाज अजूनही शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळींनी गणपतीत एक नाटक बसवलं होतं, त्याचं हे एकुलतं एक रेकॉर्डिंग.

नाटकात वैद्य काकू नणंद आणि त्यांच्या शेजारच्या दामले काकू वहिनी. तिसऱ्या अंकात वहिनीने म्हणायचं, "कोण आहे बाहेर?" आणि मग नणंदेने दारातून आत यायचं. बस्स, एवढंच! पण प्रयोगाच्या दिवशी स्टेजवर भलीमोठी शांतता पसरली, प्रेक्षक हसले, आणि पडदा पडल्यावर खरं नाटक सुरू झालं.

दामले काकू म्हणाल्या, "तू उशिरा आलीस."

वैद्य काकू म्हणाल्या, "तू वाक्यच म्हटलं नाहीस, तर मी येऊ कशी?"

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. भिंतीला भिंत लागून घर, दूधवाला एक, पेपरवाला एक, आणि अबोला!

"आणि आता ती महिनाअखेर मुलाकडे पुण्याला चाललीय. कायमची," काकू म्हणाल्या. "हबीबगंजवरून गाडी सुटायच्या आत मला हे ऐकायचंय." स्टेशनचं नाव बदलून इतके दिवस झाले, पण काकूंच्या तोंडी हबीबगंजच.

मला अगदी भरून आलं. "जायच्या आधी भांडण मिटवायचंय ना, काकू?"

"मिटवायचं कशाला? जिंकायचंय!"

*

डिस्क आमच्या सगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. सगळ्यांचं एकमत: ब्लँक.

"ब्लँक? मग मी तीन अंक स्टेजवर काय माशा मारत होते?" काकू कडाडल्या.

सरांनी डिस्क उजेडात धरली. लिहिलेला भाग पुसट का होईना, दिसत होता. शूटिंगवाल्याने काम संपल्यावर डिस्क फायनलाइझच केली नव्हती, म्हणजे पुस्तक छापलं आणि अनुक्रमणिका लावायची विसरला. त्यात इतक्या वर्षांत लिखाणही फिकं पडलेलं. त्यामुळे ड्राइव्ह दोन पावलं टाकायचा आणि हरवायचा. "वॉबल धरून चालावं लागेल," सर म्हणाले. "खाच अजून शाबूत आहे. तीच सांगेल आपण कुठे आहोत." बाजारातला ड्राइव्ह ऐकेना, म्हणून सरांनी वॉबल पकडायचं स्वतःचं सर्किट बनवायला घेतलं.

सर्किटने तिसऱ्याच दिवशी चमत्कार केला. स्क्रीनवर अशी देखणी लाट की केसभरही हलेना! सर दोन दिवस तिच्यासमोरून उठले नाहीत. वहीत लिहिलं, "असा स्वच्छ वॉबल आयुष्यात पाहिला नाही." बायकोला फोन करून सांगितलं. मला साबुदाणावडे आणायला पिटाळलं.

सक्सेनाजी सुट्टीवर होते. सोमवारी आले, चष्मा लावला, स्क्रीन बघितली, मग वाकून ड्राइव्ह बघितला.

"सर, बहुत सुंदर है।"

"है ना!"

"बस डिस्क भी लगा दीजिए, तो और मज़ा आएगा।"

डिस्क काकूंच्या स्टीलच्या डब्यातच होती! सर्किट तपासायला नकली लाट सोडणारा जो सिग्नल जनरेटर जोडला होता, तो काढायचा राहून गेला होता. दोन दिवस आम्ही त्या जनरेटरचंच कौतुक करत बसलो होतो. सरांनी वहीतलं वाक्य खोडलं नाही. खाली फक्त एक ओळ वाढवली: "जनरेटर उत्तम."

*

खरी डिस्क लावली तेव्हा वॉबल आला, थोडा थरथरत, पण आला! मी लगेच काकूंना फोन लावायला गेले, तर सरांनी माझ्या हातातून फोनच काढून घेतला. कारण आमच्याकडे एक कडक नियम आहे. वॉबल दिसला तरी गिऱ्हाइकाला फक्त "हूं" म्हणायचं. आणि हा नियम माझ्यामुळेच झालाय.

झालं असं होतं, एक रिटायर्ड साहेब मुलीच्या लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमाची डीव्हीडी घेऊन आले होते. मी नवीन होते. स्क्रीनवर झकास लाट दिसली, मी बोलून गेले, "सर, सिग्नल एकदम बढ़िया है!" साहेबांनी दुसऱ्या दिवशी मावाबाटी मिठाईचा डबा आणला, घरी प्रोजेक्टर मागवला, इंदूरहून मुलगी-जावयाला बोलावलं. आणि मग कळलं की डिस्कवर कधी काही लिहिलंच गेलं नव्हतं. वॉबल कारखान्यातूनच येतो, तो कोऱ्या डिस्कमध्येही असतो. उलट कोऱ्या डिस्कमध्ये जास्त स्वच्छ दिसतो, कारण मध्ये लुडबुड करायला लिखाणच नसतं!

सरांनी त्यांना हे सगळं हात जोडून समजावलं. मी टेबलाखाली जायच्या बेतात होते.

साहेबांनी डिस्क उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "मतलब, डिस्क जितनी खाली, सिग्नल उतना बढ़िया?"

"जी सर।"

"अरे, बिल्कुल हमारे डिपार्टमेंट जैसा!" आणि त्यांनीच डबा उघडून पहिली मावाबाटी उचलली. बिचारे! हसले खरे, पण मुलीला फोन करायला जिन्यात गेले तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. तेव्हापासून "हूं".

पुढच्या मंगळवारी वैद्य काकूंनी विचारलं, "काही आलं का गं?"

"हूं," मी म्हटलं.

"नीट बोल! आमच्या डॉक्टरनेही असंच 'हूं' केलं आणि दुसऱ्या दिवशी ॲडमिट केलं!"

*

थरथर काही केल्या जाईना. वॉबल मोठा व्हायचा, लहान व्हायचा, मोठा, लहान. सरांनी आठवडाभर फिल्टर बदलले, भागाकार-गुणाकार केले. महिना संपत आला होता. काकूंची चिंता आता आम्हालाही लागली होती. दामले काकू एकदा पुण्याला गेल्या की जिंकायचं कुणासमोर?

एका दुपारी काकू समोरच बसलेल्या असताना सर मला समजावत होते, "खाचा एकमेकींना अगदी खेटून आहेत. आपण ऐकतोय आपल्या खाचेचं, पण शेजारच्या खाचेचा वॉबल मध्ये मध्ये घुसतोय. त्यामुळे आपल्याला आपलंच धड ऐकू येत नाही."

काकू ताठ झाल्या. "शेजारीण मध्ये मध्ये बोलते? मग डिस्क माझीच आहे, शंकाच नको!"

सक्सेनाजी इतका वेळ खाली वाकून फिरणाऱ्या डिस्ककडे बघत होते. काही न बोलता त्यांनी खिशातून एक लग्नपत्रिका काढली, तिचा कोपरा फाडून चौघडी केली आणि मोटरच्या एका पायाखाली सरकवली. स्क्रीनवरची लाट शांत झाली! डिस्क थोडी तिरकी फिरत होती, त्यामुळे लेसरचा ठिपका शेजारी सांडत होता. सर आधी पत्रिकेकडे, मग आपल्या आठवडाभराच्या आकडेमोडीकडे बघत राहिले. वहीत नोंद केली: "मेकॅनिकल करेक्शन."

"आणि लग्नाचं काय?" मी सक्सेनाजींना विचारलं.

"तारीख वाला कोना बचा लिया है, मैडम।"

*

महिना संपायला तीन दिवस असताना नाटक सापडलं. चित्राचे नुसते तुकडे होते, आवाज मात्र सलग. आम्ही तिसऱ्या अंकापर्यंत जाऊन थांबलो. पुढचं वैद्य काकूंच्या आधी ऐकायचं नाही, असं सरांनी ठरवलं होतं.

काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तिलाही बोलवा. निकाल तिच्यासमोर लागला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दोघी आल्या, वेगवेगळ्या रिक्षांनी. घर शेजारी शेजारी! दामले काकू सामान बांधता बांधताच उठून आलेल्या, बाहीला चिकटपट्टीचा तुकडा तसाच. एकमेकींकडे न बघता दोघी बसल्या.

सर जज्जासारखे उभे राहिले. "आधी 'कोण आहे बाहेर' आणि मग शांतता असेल, तर वैद्य काकू उशिरा आल्या. आधी शांतता आणि मग वाक्य असेल, तर दामले काकू विसरल्या. वेळ डिस्कच्या वॉबलवरूनच घेतलीय, त्यात फसवाफसवी नाही."

"लावा," दोघी एकदम म्हणाल्या. सोळा वर्षांत पहिल्यांदाच एकमत!

हॉलची गजबज आली. लहान मुलाचं रडणं आलं. आणि मग शांतता. कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसलं. वाक्य आलंच नव्हतं! वैद्य काकूंची मान वर झाली.

तेवढ्यात, माइकच्या अगदी जवळून, एका पुरुषाची कुजबुज ऐकू आली. "कोण आहे बाहेर…"

शांतता.

"सुमन, कोण आहे बाहेर!"

लोक हसायला लागले. आता तो कुजबुजणारा माणूसही हसू दाबत होता. "अगं सुमे, म्हण की! कोण आहे बाहेर!"

आणि मग दामले काकूंचा खणखणीत आवाज, "कोण आहे बाहेर?" टाळ्या. वैद्य काकूंची पावलं.

सरांनी थांबवलं. दामले काकूंनी तोंडावर हात धरला होता. "हे आहेत," त्या म्हणाल्या. "हे विंगेत पुस्तक घेऊन बसायचे. सहा वर्षं झाली जाऊन. सगळे फोन शोधले हो, कशातच ह्यांचा आवाज नाही."

सक्सेनाजी खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसायला लागले.

"नीट ऐकू नाही आलं," वैद्य काकू म्हणाल्या. "परत लावा."

सरांनी लावलं.

"परत."

चौथ्यांदा लावून झाल्यावर सरांमधला इंजिनीयर गप्प बसेना. "काकू, आता तर अगदी स्पष्ट आहे. शांतता आधी आहे, वाक्य नंतर आलंय. म्हणजे तुम्ही जिंक—"

"काही स्पष्ट नाहीये!" वैद्य काकू कडाडल्या. "मीच उशिरा आले होते. लावा परत."